प्रकल्प नोंदी: टास्कवॉरियर शिकवणारी सूचना-फाईल खरंच काही शिकवते का?

५ जानेवारी २०२६

एजंटने (माणसाच्या विनंतीवरून स्वतः कमांड चालवणाऱ्या एआय मॉडेलने) टास्कवॉरियर (टर्मिनलमधून कामांची यादी सांभाळणारा प्रोग्रॅम) कसा वापरावा हे सांगणारी आमची सूचना-फाईल आज मोजली: २१४ ओळी. ती कुणी एका बैठकीत लिहिलेली नाही. एजंट चुकला की ज्याला वेळ असेल तो शेवटी एक ओळ चिकटवायचा. 'हे करू नकोस', 'ते आधी तपास', 'नेहमी अमुकच वापर'. यातली कुठली ओळ राबते आणि कुठली नुसती बसून खाते, हे कधी कुणी पाहिलेलं नाही. सहकाऱ्याचं म्हणणं, फाईल अजून वाढवायला हवी. माझं म्हणणं, अर्धी उडवली तरी कुणाला पत्ता लागणार नाही. पुरावा दोघांकडेही नाही. म्हणून हा खटाटोप.

नोंदींत कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. फाईलमध्ये अर्थात त्या मूळ रूपातच आहेत.

मांडणी अशी ठरली: त्याच विनंत्या, तोच एजंट, तोच सुरुवातीचा डेटा, पण तीन वेगळ्या अवस्थांत. एकदा कुठलीच सूचना न देता, एकदा पूर्ण फाईल देऊन, आणि एकदा मी लिहीन ती छोटी फाईल देऊन. छोटी फाईल अजून अस्तित्वात नाही. पहिल्या अवस्थेवर सहकारी म्हणाला, 'सूचना न देता कशाला चालवायचं, ते चुकणारच.' चुकेलच, तर किती आणि कुठे चुकतं तेच पाहायचं आहे. औषध न देता रोगी कसा राहतो हे माहीत नसेल तर औषधाचा गुण कळणार कसा?

प्रत्येक रनला (एका विनंतीच्या एका चाचणीला) स्वतंत्र फोल्डर. टास्कवॉरियर 'टास्कआरसी' आणि 'टास्कडेटा' अशी दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (कॉन्फिगरेशन फाईल आणि डेटा कुठे आहे ते सांगणारी) वाचतो. ती या फोल्डरकडे वळवली की माझ्या स्वतःच्या यादीला धक्का लागत नाही. पहिलाच रन मात्र काही न करता टाइमआउट झाला. कॉन्फिगरेशन फाईल सापडली नाही की हा प्रोग्रॅम 'नमुना फाईल तयार करू का?' असं विचारून थांबतो, आणि एजंटच्या टर्मिनलवर उत्तर द्यायला कुणीच नसतं. रिकामी का होईना, फाईल आधीच ठेवली. सुटलं.

६ जानेवारी

दिवसभर डेटा आणि विनंत्या. ४० कामांची खोटी यादी जेसन या मजकुरी स्वरूपात लिहून 'टास्क इम्पोर्ट'ने आत घेतली. प्रत्येक कामाला मी ठरवून दिलेला यूयूआयडी (कधी न बदलणारी ओळख) आहे, म्हणजे कुठल्या कामाचं काय झालं ते नंतर नेमकं कळेल. तारखा मात्र ठरावीक लिहिल्या नाहीत. त्या रनच्या दिवसावरून मोजून भरल्या जातात, नाहीतर पुढच्या आठवड्यात अर्धी यादी मुदत उलटलेली दिसेल.

विनंत्या लिहिणं वाटलं त्यापेक्षा अवघड निघालं. पहिल्या दहा लिहून झाल्यावर वाचल्या तर सगळ्या परीक्षेतल्या प्रश्नांसारख्या. 'अमुक प्रोजेक्टमध्ये उच्च प्राधान्याचं काम जोडा.' असं कोण बोलतं? फाडून टाकल्या. पुन्हा लिहिताना एकच नियम ठेवला: विनंतीत कमांडचा एकही शब्द येऊ द्यायचा नाही. 'ते बिलाचं झालं बरं का' (यादीत बिलाची दोन कामं आहेत, तेव्हा एजंटने विचारायला हवं). 'सर्व्हरचं काम होईपर्यंत डिप्लॉयमेंट मला दाखवू नकोस.' 'अडकलेलं काय काय आहे?' आणि एक मुद्दाम फसवी: 'या कोडमध्ये टूडू म्हणून राहिलेल्या जागा शोध.' इथे प्रश्न कोडमधल्या खुणांचा आहे, यादीचा नाही, तेव्हा टास्कवॉरियरला हात लावला तर नापास. एकूण २४ झाल्या. त्यातल्या ६ बाजूला काढून कुलूपबंद ठेवल्या. फाईल सुधारताना त्या आम्ही दोघंही चालवणार नाही.

तपासणारी स्क्रिप्ट एजंटचं बोलणं वाचत नाही. रनच्या आधीचा आणि नंतरचा एक्सपोर्ट (यादीची जेसनमधली प्रत) घेऊन ती दोन प्रश्न विचारते: हवा तो बदल झाला का? आणि त्याशिवाय आणखी काही हललं का? दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तुलना करताना आयडी (यादीतला छोटा नंबर), मॉडिफाइड (शेवटच्या बदलाची वेळ) आणि अर्जन्सी (काम किती तातडीचं) ही तीन खाती गाळावी लागली. अर्जन्सी हा हिशोबाने निघणारा आकडा आहे. काम जुनं होत जातं तसा तो आपोआप वाढतो, त्यामुळे कुणी काही न करताही 'बदल झाला' असं दिसत होतं.

८ जानेवारी

सूचनांशिवायचे रन झाले. निकाल पाहून जरा ओशाळायला झालं.

एजंटला बहुतेक सगळं आधीच येतं. काम जोडणं, पूर्ण करणं, प्रोजेक्ट, टॅग, ड्यू (मुदत), एकावर दुसरं अवलंबून ठेवणं, 'ओव्हरड्यू' आणि 'ब्लॉक्ड' हे आपोआप लागणारे टॅग, सगळं. फिल्टर (कुठली कामं ते सांगणारा भाग) कमांडच्या आधी लिहायचा आणि बदल नंतर, हा नवख्या माणसाला हमखास चकवणारा क्रमसुद्धा. नवल नाही म्हणा. प्रोग्रॅम जुना, त्याचं दस्तऐवजीकरण भरपूर, आणि ते मॉडेलच्या वाचनात आलेलंच असणार. आमच्या २१४ ओळींपैकी निदान दीडशे ओळी म्हणजे पोहणाऱ्याला पाणी ओलं असतं हे सांगणं.

पण चुकला तिथे मजेशीर चुकला. त्याच्या डोक्यात जुनी आवृत्ती पक्की बसली आहे. २०२४ साली आलेल्या ३.० आवृत्तीपासून टास्कवॉरियर डेटा एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये ठेवतो. त्याआधी साध्या मजकुराच्या फाईली असत, बाकी कामांची एक, पूर्ण झालेल्यांची दुसरी. एजंट एका रनमध्ये ती जुनी 'पेंडिंग डॉट डेटा' फाईल शोधत बसला. सापडली नाही तेव्हा फोल्डरमधली एसक्यूलाइट फाईल उघडली, टेबलांची नावं पाहिली, आणि एक ओळ थेट तिथेच बदलायला निघाला! कमांड बाजूला ठेवून थेट पोटात हात. असं केलं तर प्रोग्रॅमला त्या बदलाचा पत्ताच नसतो. अन्डू आणि सिंक ज्या नोंदींवर चालतात त्या लिहिल्याच जात नाहीत.

छोट्या फाईलची पहिली ओळ मिळाली: डेटाफाईल उघडू नये, वाचायचं तर एक्सपोर्ट आणि बदलायचं तर कमांड.

९ जानेवारी

आजची नोंद लांब होणार.

विनंती क्रमांक ७ अशी: 'तीन, पाच आणि सात नंबरची कामं झाली.' सूचनांशिवाय एजंट ती बहुतेक वेळा बरोबर करतो. पूर्ण फाईल दिली की वारंवार चुकतो. आधी वाटलं, तपासणारी स्क्रिप्टच बिघडली. मग एक्सपोर्ट डोळ्यांनी वाचला. तीन, सहा आणि नऊ ही कामं बंद झाली होती. पाच आणि सात तशीच उघडी. आणि एजंटचा निरोप: 'तिन्ही कामं पूर्ण केली आहेत.'

तीन, सहा, नऊ. हा पाढा पाहिल्यावर डोक्यात प्रकाश पडला.

टास्कवॉरियर जे छोटे नंबर दाखवतो ते कामाचे कायमचे नंबर नसतात. ते त्या घडीच्या रांगेतले क्रमांक असतात. काम पूर्ण केलं की लगेच काही हलत नाही. पण त्यानंतर कुठलीही यादी दाखवायला सांगितली की प्रोग्रॅम आवराआवर करतो, पूर्ण झालेलं काम रांगेतून काढतो आणि मागचे सगळे एकेक पाऊल पुढे सरकतात. तीन बंद केलं, यादी पाहिली: मूळचं सहा आता पाचावर आलं. 'टास्क ५ डन' (पाच पूर्ण) म्हणताच मूळचं सहा बंद. पुन्हा यादी पाहिली: आता मूळचं नऊ सातावर.

मग सूचना नसताना हे का घडत नव्हतं? कारण तेव्हा एजंट तिन्ही डन एकापाठोपाठ देतो, मध्ये यादी पाहतच नाही. मध्ये यादी पाहायला आमच्या फाईलनेच सांगितलं आहे. ओळ ८८: 'प्रत्येक बदलानंतर यादी पाहून खात्री करून घ्या.' ऐकायला किती शहाणपणाची! कुणीतरी काळजीपोटी घातलेली ओळ, आणि तीच घात करते. बरं, एजंट यादी पाहतो ती 'तीन गेलं ना' एवढंच बघायला. बाकीचे नंबर सरकलेत याकडे त्याचं लक्ष जात नाही.

सहकाऱ्याला दाखवलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'ती ओळ माझी आहे.'

त्याला म्हटलं, ओळ वाईट नाही, अर्धी आहे. दुरुस्ती सोपी: आधी एकदा एक्सपोर्ट घेऊन नंबरांचे यूयूआयडी करून ठेवायचे आणि पुढचं सगळं यूयूआयडीवर चालवायचं. मग मध्ये शंभर वेळा यादी पाहा. यूयूआयडी पूर्ण लिहायचीही गरज नाही, पहिली आठ अक्षरं पुरतात. ओळ ८८ काढून तिथे ही घातली आणि सातवी विनंती पुन्हा लावली. आज तरी एकदाही चुकली नाही. 'आज तरी' हे शब्द मुद्दाम लिहिले आहेत, कारण रन फक्त पाच होते.

१२ जानेवारी

प्रश्न विचारून थांबणाऱ्या कमांड. डिलीट खात्री विचारतो. अन्डू विचारतो. एका कमांडमध्ये तीन किंवा जास्त कामांना हात लागणार असेल तरी विचारतो. हा तीनचा आकडा 'बल्क' नावाच्या सेटिंगमध्ये असतो. आमच्या फाईलमध्ये 'कन्फर्मेशन बंद ठेवा' एवढंच होतं, आणि तेवढ्याने बल्कची विचारणा थांबत नाही. बल्कही शून्य करावा लागतो. म्हणून एका वेळी दोन कामं बदलणारे रन सुरळीत जायचे आणि तिसरं आलं की लटकायचे. गेले कित्येक महिने आम्ही याला 'एजंट कधीकधी अडकतो' म्हणत होतो.

अडकल्यावर एजंटने स्वतःच तोड काढली: 'येस' ही कमांड पाइपने जोडून प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत सुटायचं. ते पाहून घाम फुटला. कारण फिल्टर विसरून 'टास्क मॉडिफाय' दिली तर टास्कवॉरियर सगळ्या कामांना, पूर्ण झालेल्यांना आणि डिलीट केलेल्यांनासुद्धा, बदलायला तयार असतो. मध्ये फक्त एक प्रश्न उभा असतो, आणि त्याला आधीच हो म्हणून ठेवलेलं असतं.

प्रश्न बंद करावेत तर कुंपण जातं, ठेवावेत तर एजंट लटकतो. यावर सहकारी आणि मी तासभर भांडलो. शेवटी कुंपणाची जागा बदलली: 'अलाऊ एम्प्टी फिल्टर' हे सेटिंग आम्हीच कॉन्फिगरेशनमध्ये 'नो' केलं. आता फिल्टरशिवाय बदल करायला गेलं की प्रश्न येत नाही, सरळ एरर येते. ते झाल्यावरच कन्फर्मेशन आणि बल्क बंद. आणि फाईलमध्ये एक ओळ: एकाहून जास्त कामं बदलायची असतील तर आधी त्याच फिल्टरने 'काउंट' चालव आणि आकडा अपेक्षेपेक्षा मोठा आला तर माणसाला विचार.

जे सेटिंगने होतं ते सूचनेत लिहायचं नाही, हे आज ठरलं. सूचना वाचूनही मोडता येते. सेटिंग मोडायला निदान प्रयत्न करावा लागतो.

१३ जानेवारी

आजचा दिवस माझ्याच चुकीत गेला. लॅपटॉपवर ड्यू तारखांच्या सगळ्या चाचण्या नापास, सर्व्हरवर सगळ्या पास. एक्सपोर्टमध्ये वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहिलेली असते. स्थानिक मध्यरात्रीची मुदत, यूटीसीच्या पुढे असलेल्या वेळपट्टीत, एक्सपोर्टमध्ये आदल्या दिवसाच्या तारखेने दिसते. सर्व्हरचं घड्याळच यूटीसीवर होतं म्हणून तिथे काही जाणवलं नाही. स्क्रिप्ट दुरुस्त केली.

पण मग शंका आली आणि जुने रन चाळले. एजंटही तिथेच घसरतो! एक्सपोर्ट वाचून तो माणसाला मुदत एक दिवस आधीची सांगतो. डेटा बरोबर, बोलणं चूक. माझी स्क्रिप्ट बोलणं वाचतच नाही, त्यामुळे हे रन पास धरले गेले होते. म्हणजे बोलण्याचीही तपासणी लागणार. सर्व्हरची वेळपट्टी मुद्दाम यूटीसीपासून लांबची ठेवली.

१५ जानेवारी

पाच-पाच रनांचा विषय आज निकालात काढला. पाचपैकी पाच पास झाले की आपण खूश होतो. पण गणित कोरडं आहे: पाच रनांत एकही चूक दिसली नाही तरी चुकण्याचं खरं प्रमाण ४५ टक्क्यांपर्यंत असू शकतं, आणि हे ९५ टक्के खात्रीचं विधान आहे. ३० रनांत एकही चूक नसेल तर ही मर्यादा दहाच्या आसपास येते. म्हणून नेहमीच्या विनंत्या १० वेळा, आणि ज्यांत डेटा बिघडू शकतो त्या ३० वेळा, असं ठरलं. खर्च वाढला. वाढू दे.

दुसरा मुद्दा सहकाऱ्याने काढला, आणि तो बरोबर होता. 'काही प्रयत्नांत एकदा तरी जमलं' हे कोड लिहिणाऱ्या मॉडेलसाठी ठीक असेल, कारण तिथे टेस्ट चालवून चांगलं उत्तर निवडता येतं. कामाच्या यादीत निवड नसते. चुकीचं काम बंद झालं ते झालं. इथे 'प्रत्येक वेळी जमलं का' हेच पाहायचं. एकेक विनंती ९० टक्के वेळा बरोबर होत असेल तर दिवसाला दहा विनंत्या करणाऱ्याचा संपूर्ण दिवस बिनचूक जाण्याची शक्यता ३५ टक्के. हा आकडा फळ्यावर लिहून ठेवला.

१६ जानेवारी

उदाहरणांची गळती. फाईलमध्ये काम जोडण्याचं उदाहरण होतं, त्यात प्रोजेक्टचं नाव 'वेबसाइट' आणि प्राधान्य 'एच'. पूर्ण फाईल दिलेल्या रनांत नव्या कामांवर, कुणी न सांगता, उच्च प्राधान्य लागत होतं. दोन ठिकाणी तर दंतवैद्याची वेळ घेण्याचं काम 'वेबसाइट' प्रोजेक्टमध्ये जाऊन बसलं. सूचनांशिवायच्या रनांत असं एकदाही नाही. उदाहरणाला एजंट नमुना समजत नाही, रिवाज समजतो. छोट्या फाईलमध्ये उदाहरणं दोनच ठेवली, आणि दोन्हीत प्राधान्य नाही, प्रोजेक्ट नाही.

१९ जानेवारी

बोलणं तपासायला दुसरं मॉडेल परीक्षक म्हणून बसवलं. पहिल्या फेरीत त्याने तीन-सहा-नऊवाल्या रनला चांगले गुण दिले. निरोप सुबक होता, खात्रीचा होता, एवढं त्याला पुरलं. आता त्याला निरोपासोबत आधीचा आणि नंतरचा फरकही देतो आणि एकच प्रश्न विचारतो: निरोपातलं प्रत्येक विधान या फरकाशी जुळतं का? मग बरं वागायला लागला.

परीक्षकावर विश्वास ठेवण्याआधी ४० निरोप आम्ही दोघांनी स्वतंत्रपणे हाताने तपासले. बहुतेक निरोप पासच होते, त्यामुळे 'आमचं इतके टक्के जुळलं' या आकड्याला फारसा अर्थ नाही. डोळे मिटून सगळ्यांना पास केलं असतं तरी बऱ्यापैकी जुळलं असतं. ज्या मोजक्या ठिकाणी जुळलं नाही तीच पाहिली. जवळजवळ सगळी एकाच विनंतीची निघाली. ती उद्या.

२० जानेवारी

सहकाऱ्याने विनंत्या इंग्रजीतही करून ठेवल्या होत्या, आणि दोन्ही भाषांचे निकाल शेजारी ठेवले तर एका ठिकाणी मोठी दरी. मराठी विनंती: 'शुक्रवारपर्यंत अहवाल पाठवायचा आहे.' इंग्रजीत एजंट न चुकता ड्यू लावतो. मराठीत काही रनांत तो 'अनटिल' लावतो.

'पर्यंत' म्हणजे अनटिल. शब्दकोशाप्रमाणे बिनचूक! पण टास्कवॉरियरमध्ये अनटिल म्हणजे मुदत नाही. ती वेळ उलटली की ते काम आपोआप डिलीट होतं. म्हणजे शुक्रवार गेला, अहवाल पाठवलेला नाही, आणि शनिवारी यादीतून कामच नाहीसं झालेलं. ड्यू नसल्यामुळे ते 'मुदत उलटलेली' यादीतही कधी येणार नाही. आरडाओरडा नाही, एरर नाही.

हाताने तपासताना मी हे रन पास केले होते, सहकाऱ्याने नापास. 'शुक्रवारपर्यंत ठेवलं आहे' हा निरोप मला मराठी म्हणून इतका सरळ वाटला की खालचं खातं मी नीट वाचलंच नाही. माझी चूक कबूल. स्क्रिप्टनेही पकडलं नसतं, कारण तिथे मी 'शुक्रवारची तारीख कामावर कुठेतरी आहे का' एवढंच पाहत होते. तीही दुरुस्त.

मग मराठी विनंत्यांत अशा आणखी जागा शोधत बसलो. 'परवा' हा एक खड्डा सापडला: येणारा की गेलेला, हे क्रियापदावरून कळतं, आणि 'परवाचं काम झालं' मध्ये एजंट पुढच्या तारखेत शोधायला जातो. 'काल-परवा' तर विचारूच नका. 'थांबव' मध्येही गंमत आहे: वेट लावायचं (काही काळ लपवायचं), चालू काम स्टॉप करायचं, की रद्द करायचं? इथे मात्र एजंट स्वतःहून विचारतो, ते बरं.

फाईलमधली नवी ओळ: एखादं काम अमुक दिवसापर्यंत करायचं असेल तर ड्यू. अनटिल फक्त तेव्हाच, जेव्हा माणूस स्पष्ट म्हणेल की त्यानंतर हे यादीतून निघून जाऊ दे.

२२ जानेवारी

छाटणी. पूर्ण फाईलमधून एकेक भाग काढायचा, चालवायचं, काही बिघडलं तर परत घालायचा. दोन दिवस यंत्र चालत होतं. बहुतेक भाग काढल्यावर काहीही झालं नाही. काही काढल्यावर सुधारणा झाली. 'नेहमी एक्सपोर्ट वापरा' ही ओळ त्यातलीच: फिल्टर न देता एक्सपोर्ट केला की पूर्ण झालेली आणि डिलीट केलेली कामंही बाहेर येतात, आणि एजंट त्या ढिगातून मेलेल्या कामांची माहिती सांगत बसतो. आता तिथे 'पेंडिंग' फिल्टरसह असं लिहिलं आहे.

कॉन्टेक्स्टची (यादीवर कायम लावून ठेवलेल्या फिल्टरची) भानगड छाटणीतच उघडी पडली. माणसाने आपल्या यादीवर 'ऑफिस' कॉन्टेक्स्ट लावून ठेवला असेल तर बाकीची कामं दिसतच नाहीत, आणि एजंट खुशाल म्हणतो 'असं काही काम नाही'. ज्या रनांत त्याला हे उमगलं तिथे त्याने 'टास्क कॉन्टेक्स्ट नन' देऊन काम केलं आणि निघून गेला. ती कमांड कॉन्फिगरेशन फाईलमध्ये बदल करून ठेवते. म्हणजे माणूस परत आला तर त्याची मांडणी बदललेली. माझी स्क्रिप्ट फक्त कामं पाहत होती, कॉन्फिगरेशन फाईल नाही. 'आणखी काही हललं का' या प्रश्नाचं एवढं कौतुक करून हे सुटलंच होतं. आता त्या फाईलचीही तुलना होते. सूचना: कॉन्टेक्स्ट बाजूला ठेवायचा तर त्या एका कमांडपुरता, कमांडच्या ओळीतच.

छोटी फाईल ३१ ओळींवर आली.

२३ जानेवारी

ही फाईल कधी उघडायची हे सांगणारं वरचं वर्णन. आमचं होतं: 'कामं, टास्क किंवा यादीबद्दल काहीही असेल तेव्हा वापरा.' परिणाम असा की 'आधी ही दोन कामं कर, मग टेस्ट चालव' म्हटलं की एजंट स्वतःची पावलं माणसाच्या यादीत नोंदवू लागला. एका रननंतर यादीत 'टेस्ट चालवणे' आणि 'निकाल वाचणे' अशी दोन नवी कामं, दोन्ही पूर्ण. नवं वर्णन: माणसाची स्वतःची, टास्कवॉरियरमध्ये ठेवलेली यादी. तुझी पावलं नव्हेत. फसव्या विनंत्या आणखी चार वाढवल्या.

२७ जानेवारी

कुलूप उघडून त्या ६ विनंत्या तिन्ही अवस्थांत चालवल्या. छोटी फाईल पुढे, सूचनांशिवायची अवस्था दुसरी, पूर्ण फाईल शेवटी. ६ विनंत्यांवर मोठा दावा करण्यासारखं काही नाही, पण २१४ ओळी न देण्याइतक्याही चांगल्या ठरल्या नाहीत, याची सहकाऱ्याने शांतपणे नोंद घेतली.

मग त्याने एक काम केलं जे मी केलं नसतं: सगळं एका लहान, स्वस्त मॉडेलवर चालवलं. तिथे चित्र पालटलं. मी 'पाणी ओलं असतं' म्हणून उडवलेल्या ओळींपैकी काहींची तिथे खरोखर गरज आहे. ते मॉडेल फिल्टर कमांडनंतर लिहितं, आणि 'टास्क डन ५' सारख्या कमांड देतं. अर्ध्यावर वाद मिटला: माझी फाईल मोठ्या मॉडेलसाठी, लहानासाठी तिच्यात कमांडच्या क्रमाचा एक परिच्छेद जास्त. मात्र ओळ ८८ दोन्हीकडे नाही. फाईलच्या वर कुठल्या मॉडेलवर, कुठल्या तारखेला, टास्कवॉरियरच्या कुठल्या आवृत्तीवर तपासली हेही आता लिहिलेलं असतं.

२९ जानेवारी

राहिलेली एकच विनंती, तिन्ही अवस्थांत नापास: 'या आठवड्याची बैठक नाही, पुढच्यापासून आहेच.' आवर्ती कामात एक मूळ साचा असतो आणि त्यातून दर वेळचं काम निघतं. दर वेळचं एक काम डिलीट केलं की टास्कवॉरियर विचारतो, बाकीचीही काढू का? या प्रश्नासाठी वेगळं सेटिंग आहे, कन्फर्मेशन बंद करून ते बंद होत नाही. सेटिंग 'नो' केलं तर ही विनंती पास होते, पण 'ही बैठक कायमचीच बंद' नापास. 'येस' केलं तर उलटं. एक सूचना लिहिली, मग दुसरी. दोन्हींनी एक सुधारलं आणि दुसरं बिघडवलं. दोन्ही काढल्या.

सध्या सेटिंग 'नो' ठेवलं आहे, कारण त्या बाजूला चूक झाली तर बैठक यादीत उरते, उडत नाही. 'कायमचीच बंद'वाली विनंती नापास यादीत राहील. सोमवारी दोघांनी बसून पाहायचं ठरलं. काम माझ्या यादीत नोंदवलं. ड्यू सोमवार. अनटिल नाही, दोनदा तपासलं.